त्रेपन्न, पन्नास तीन आणि हातचा एक

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचं दुसरीचं नवं गणिताचं पुस्तक आलं, त्यात एकवीसच्या जोडीला 'वीस एक', त्रेपन्नच्या जोडीला 'पन्नास तीन' असं संख्यावाचन दिलं होतं, आणि त्यावरून जो गदारोळ झाला तो बऱ्याच जणांना आठवत असेल. टीव्हीवर चर्चा झडल्या, विधानसभेत विरोधी बाकांवरून विचारलं गेलं की मग आता मुख्यमंत्र्यांना 'फडण दोन शून्य' म्हणायचं का, सगळे हसले, व्हॉट्सअ‍ॅपवर जोकांचा पाऊस पडला आणि विषय संपला. म्हणजे वाटलं तरी तसं. पण आजही प्राथमिक शाळेतल्या गणिताबद्दल कुठे काही बोलणं निघालं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला कोणीतरी 'यांनीच ते पन्नास तीन आणलं ना' म्हणतंच, आणि पुढची सगळी चर्चा तिथेच बुडते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पन्नास तीन बरोबर होतं, त्रेपन्नही राहिलंच पाहिजे, मुलांना दोन्ही यायला हवं आणि शिकवताना पन्नास तीन आधी यायला हवं. आणि हा वाद भाषेचा म्हणून लढला गेला हीच मोठी चूक झाली कारण मुळात तो दशक-एककाचा होता, आणि दोन्ही बाजू तो इतक्या ढिसाळपणे लढल्या की ज्या मुलांसाठी हे सगळं चाललं होतं ती कुठेच दिसली नाहीत.

आधी तो जोकच घ्या. 'फडण दोन शून्य' हा विनोद म्हणून ठीक आहे, मीही हसलो होतो, पण नव्या पद्धतीत वीसला वीसच म्हणतात हो! 'दोन शून्य' कोणी म्हणायला सांगितलंच नव्हतं. वीस, तीस, चाळीस, पन्नास ही नावं जशीच्या तशी होती, फक्त मधल्या संख्या फोडून म्हणायच्या होत्या. आता 'दोन शून्य' आणि 'वीस' यात फरक काय? पहिलं म्हणजे नुसते अंक वाचणं, दुसरं म्हणजे त्या अंकांची किंमत सांगणं. आणि दुसरी-तिसरीतली असंख्य मुलं अडकतात ती नेमकी इथेच. बावन्नातून सतरा वजा करायला सांगा, मूल पटकन ४५ लिहून मोकळं होतं. का? कारण त्याच्या लेखी ५२ म्हणजे एक पाच आणि एक दोन, शेजारी शेजारी उभे असलेले दोन सुटे अंक, म्हणून मग सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार. मोठ्यातून लहान वजा करायचं एवढं त्याला पक्कं माहितीये, आणि त्या नियमाने त्याने काहीच चूक केलेली नाही. म्हणजे पुस्तकाची चेष्टा करताना सगळ्या महाराष्ट्राने नकळत तीच गल्लत केली जी टाळण्यासाठी ते पुस्तक लिहिलं होतं.

पण बदलाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही कमी घोळ घातला नाही. 'जोडाक्षरं मुलांना जड जातात' असं एक कारण तेव्हा पुढे आलं आणि तिथेच अर्धी लढाई हरली. जी मुलं तिसऱ्या वर्षापासून 'क्रिकेट', 'बिस्किट', 'गणपती बाप्पा' म्हणतायत त्यांना त्रेपन्नमधला त्र जड जातो हे कोण मानणार? आणि पन्नासमध्ये जोडाक्षर आहेच की, सत्तरमध्येही आहे. मग लोक म्हणाले उद्या मराठीतून जोडाक्षरंच काढून टाका, आणि त्यांचं काही चुकलं नाही. दुबळं कारण दिलं की चांगली गोष्टही हास्यास्पद दिसते. खरं कारण उच्चाराचं नव्हतंच, ते कानाने ऐकलेलं आणि हाताने लिहिलेलं जुळत नाही याचं होतं. 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी ऐकू येतो, लिहिताना पाच आधी लिहायचा. म्हणून मूल ३५ लिहितं. 'एकोणतीस' म्हटलं की कानावर तीस पडतं आणि वहीत ३९ उमटतं, पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या कुठल्याही बाईंना विचारा, त्या हसून सांगतील की हे दरवर्षीचंच आहे. दोनचंच बघा ना, बावीसमध्ये बा, बत्तीसमध्ये ब, बेचाळीसमध्ये बे, ब्याऐंशीत ब्या. पन्नासचं कुठे वन्न होतं कुठे पन्न, साठचं सष्ट, सत्तरचं हत्तर. एकोणनव्वद आहे पण एकोणशंभर नाही, तिथे अचानक नव्व्याण्णव. आपल्याला हे सगळं इतकं अंगवळणी पडलंय की यात काही अवघड आहे हेच कळत नाही, पण सहा वर्षांच्या मुलासाठी ही जवळजवळ नव्व्याण्णव सुटी नावं आहेत आणि ती पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही.

आता विरोधकांचा सगळ्यात जोरकस मुद्दा, भाषेचा. तो मला मनापासून पटतो. छत्तीसचा आकडा, नव्व्याण्णवचा फेर, बत्तीशी, सव्वीस जानेवारी, बहात्तरचा दुष्काळ, हे शब्द नुसते आकडे नाहीत, त्यांच्यात आपलं बोलणं आणि आपला इतिहास अडकलेला आहे, 'सत्तर दोनचा दुष्काळ' म्हणून बघा कसं वाटतं ते. पण हे शब्द काढायला निघालं होतं कोण? बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर तेव्हा पुन्हा पुन्हा सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही दिलेली आहेत. स्वतः गणितज्ञ, आयुष्यभर मुलांना गणित सोपं करून सांगण्यात रमलेल्या बाई, २०२३ मध्ये त्या गेल्या, आणि त्यांच्या वाट्याला काय आलं तर ट्रोलिंग. आणि मराठी संख्यानामांची एवढी काळजी असणारे आपण मोबाईल नंबर कसा सांगतो? नाइन एट टू टू. मुलं कुठल्या शाळेत घालतो? जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांतही आता सेमी इंग्लिश आहे, म्हणजे गणित इंग्रजीतून, तिथे तेच मूल 'फिफ्टी थ्री' म्हणतं, म्हणजेच पन्नास तीन, आणि आईबापांना त्याचं कौतुक असतं. पुण्यात-मुंबईत 'सदुसष्ट रुपये' म्हटलं की काउंटरवरचा पोरगा 'म्हणजे सिक्स्टी सेव्हन ना?' असं विचारतो. मराठी आकडे मरतायत ते तिथे मरतायत, दुसरीच्या पुस्तकातल्या एका पानावर नाही. इंग्रजीतलं पन्नास तीन चालतं पण मराठीतलं चालत नाही, हा भाषाभिमान कसला?

बरं हे 'पन्नास तीन' परकं आहे हेही खरं नाही. आपल्या आजी-आजोबांची उजळणी आठवा. एकावर एक अकरा, एकावर दोन बारा, दोनावर शून्य वीस, दोनावर एक एकवीस, पाचावर तीन त्रेपन्न. गावोगावच्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या मुलं तालात हे म्हणत आली. त्यात काय केलंय बघा, आधी संख्या अंकांत फोडून सांगितली, लिहायच्या क्रमाने, दशकाचा अंक आधी, आणि मग तिचं नाव घेतलं. म्हणजे त्रेपन्न हे नाव एकटं पुरत नाही, त्याच्याबरोबर काहीतरी हवं, हे जुन्या पंतोजींना कळलेलं होतं! फक्त 'पाचावर तीन' मध्ये कसं लिहायचं ते कळतं, किती ते कळत नाही, पाच म्हणजे पन्नास हा टप्पा राहून जातो, आणि 'पन्नास तीन' नेमका तोच भरून काढतं. मला तर ही उजळणीचीच पुढची पायरी वाटते. आणि शाळेत न गेलेली जुनी माणसं? ती विसांनी मोजायची, तीन विसा म्हणजे साठ, चार विसा नि तीन म्हणजे त्र्याऐंशी, बाजारात शेण्या, कणसं, अंडी मोजताना अजूनही कुठे कुठे हे ऐकू येतं. संख्या फोडून बोलणं मराठीला नवं नाही, ते पुस्तकी मराठीला नवं आहे.

यावर कोणी संस्कृतचा दाखला देईल आणि तो चुकीचा नसेल. 'अंकानां वामतो गतिः' असं म्हणतात, एकक आधी, मग डावीकडे सरकत जायचं, त्रेपन्नमध्ये तीन आधी येतो तो त्याच घराण्याचा. शिवाय कागदावरची बेरीजही आपण एककापासूनच सुरू करतो, मग एकक आधी ऐकू आला तर बिघडलं कुठे? मुद्दा चांगला आहे. पण मनातल्या मनात ५३ आणि २४ मिळवायचे झाले तर माणूस काय करतो, पन्नास आणि वीस सत्तर, तीन आणि चार सात. आणि परंपरेचंच बोलायचं तर इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने लिहिलेलं 'स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्' हे त्याहून मोठं आहे, एका स्थानावरून पुढच्या स्थानावर गेलं की किंमत दहापट. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी १२०७ मध्ये त्यांच्या नातवाने चाळीसगावजवळच्या पाटण्याला मठ काढला, शिलालेख आहे तिथे. ज्या वारशाचा अभिमान मिरवायचा तो स्थानिक किमतीचा आहे, आणि तीच आपल्या पोरांना कळत नाहीये.

'आमच्या पिढीला बरं जमलं?' हा पुढचा मुद्दा, आणि हा ऐकून मात्र मला जरा राग येतो. तुमच्या पिढीतल्या कोणाला जमलं? १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. जे शाळेत गेले, त्यातले जे टिकले, त्यातले ज्यांना जमलं, ते आज म्हणतायत की आम्हाला जमलं. चौथीत गणितापायी शाळा सोडून गुरं राखायला गेलेला वर्गमित्र ही चर्चा करायला येतच नाही. शिवाय 'आमच्या वेळी' हे नेमकं कुठून मोजायचं? त्याच्याही आधीच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळं तोंडपाठ असायचं. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा! किती जणांना येतो? नाही येत, कारण ते पाढे सोळा आण्यांच्या रुपयाचे, शेर-पावशेराचे होते, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, पाठोपाठ किलो-लिटर आले आणि दिडकी-औटकीची गरज सरली. तेव्हाही हळहळ झालीच असणार. पण आज कोणी म्हणतं का की दशमान नाण्यांनी मराठी संस्कृती बुडवली? सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द मात्र टिकले, ठणठणीत आहेत, कारण ते लोकांना बोलायला लागतात. भाषा शब्द टिकवते ते गरजेने, पुस्तकाच्या हुकमाने नाही, आणि हुकमाने मारतही नाही.

याचा चांगला पुरावा नॉर्वेत आहे. तिथे पूर्वी जर्मनसारखंच 'तीन आणि पन्नास' म्हणायचे. टेलिफोनचे नंबर सांगताना गोंधळ होतो म्हणून टेलिफोन खात्याकडून मागणी आली, संसदेत विषय गेला आणि जुलै १९५१ पासून शाळा, रेडिओ, सरकारी कामकाज सगळीकडे 'पन्नास तीन' पद्धत सुरू झाली. चिडले, हसले, सगळं झालं. सत्तर वर्षं उलटून गेली तरी तिथली कित्येक माणसं घरात बोलताना जुनी पद्धतही वापरतात, दोन्ही सुखाने नांदतायत. एवढं लांबही जायला नको म्हणा. बालभारती कन्नड माध्यमाचीही पुस्तकं काढते, जत-अक्कलकोटकडच्या मुलांसाठी. त्या मुलाची त्रेपन्न म्हणजे 'ऐवत्त मूरु'. ऐवत्त पन्नास, मूरु तीन. तेलुगूतही तसंच, तमिळमध्येही तसंच. एकाच राज्यातलं एक मूल रोज पन्नास तीन म्हणतंय आणि कोणाला काही वाटत नाही.

इथे एक मोठा आक्षेप उरतो, आणि तो झटकून टाकता येत नाही. जर्मन लोक आजही 'तीन आणि पन्नास' म्हणतात, त्यांचं गणितात आणि इंजिनिअरिंगमध्ये काय अडलं? काहीच नाही. म्हणजे नावावर सगळं अवलंबून नसतं. कबूल. उलट चिनी आणि अमेरिकन लहान मुलांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत दहापर्यंत दोघं सारखीच मोजतात आणि फरक अकराच्या पुढे, जिथे इंग्रजी नावं वाकडी होतात तिथे दिसतो, हे खरं असलं तरी चीनमधली मुलं पुढे गणितात चमकतात ती फक्त 'पाच दहा तीन' म्हटल्यामुळे असं कोणीच म्हणणार नाही. जर्मनमध्ये क्रम उलटा असला तरी तीन आणि पन्नास दोन्ही स्पष्ट ऐकू येतात, आणि तरीही तिथल्या लहान मुलांच्या संख्या लिहिण्यात अंकांची उलटापालट हा चुकांचा ठळक प्रकार आहे. आपल्याकडे क्रम उलटा आहेच, वर नावंही झिजलेली. ज्या घरात संध्याकाळी कोणीतरी शेजारी बसून वही बघतं तिथलं मूल यातून पार पडतं, कुठल्याही भाषेत. प्रश्न ज्याच्याकडे असं कोणी नाही त्याचा आहे. आणि ज्याच्या घरी मराठीच बोलत नाहीत त्याचा, गडचिरोलीत गोंडी, मेळघाटात कोरकू. त्या मुलासाठी 'सदुसष्ट' हा शब्द म्हणजे निव्वळ आवाज आहे, तो फोडून काही हाती लागत नाही. 'साठ सात' मधून निदान दोन ओळखीच्या गोष्टी तरी मिळतात.

पण नुसतं नाव बदलूनही काही होणार नाही, आणि बदलाच्या बाजूचे लोक हे पुरेसं बोलले नाहीत असं मला वाटतं. ग्रामीण मुलांना वाचन-गणित किती येतं याची पाहणी करणारा २०२४ चा 'असर' अहवाल म्हणतो की ग्रामीण भारतात तिसरीतल्या ३३.७ टक्के मुलांना वजाबाकी जमते आणि पाचवीतल्या ३०.७ टक्के मुलांना भागाकार. म्हणजे पाचवीच्या वर्गात दहातली सात मुलं तीन अंकी संख्येला एका अंकाने भागू शकत नाहीत. ही मुलं आळशी आहेत का? ६१८ ला ६ ने भागायला सांगितलं की त्यातली बरीच उत्तर १३ लिहितात. सहाशे अठराचे सहा वाटे केले तर प्रत्येकाला तेरा? सहाशेचेच सहा वाटे शंभर-शंभराचे होतात हे सहज दिसायला हवं, पण मूल सहाशे बघतच नाही, ते सहा बघतं, मग एक, मग आठ. किंवा हातच्याचं घ्या. अठ्ठावीस आणि पंधरा मिळवताना आठ आणि पाच तेरा, तीन लिहिले, हातचा एक. मुलाला विचारा हा हातचा एक म्हणजे किती? ते म्हणेल एक. तो दहा आहे हे त्याला कोणी दाखवलेलंच नसतं, फक्त 'हातचा घ्यायला विसरू नको' एवढंच सांगितलेलं असतं, आणि ते बिचारं विसरत नाही. मोठ्यांनाही विचारून बघा एकदा, गंमत येईल.

यासाठी काय लागतं? दहा-दहा काड्यांचे गठ्ठे, रबर लावलेले, आणि सुट्या काड्या. दहाच्या आणि एकच्या खोट्या नोटा. शंभर मण्यांची माळ. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बिया, खडे, पानं यांच्यावर मुलांचं शिक्षण उभं केलं त्याला अर्धशतक होऊन गेलं, म्हणजे यात नवीन काहीच नाही. सरकारने शाळांना गणित पेट्याही दिल्या, त्यात हे सगळं साहित्य असतं, आणि कित्येक ठिकाणी ती पेटी कपाटात असते आणि कपाटाला कुलूप, कारण हरवलं तर हिशेब कोण देणार. बावन्नातून सतरा वजा करताना एक गठ्ठा सोडून त्याच्या दहा सुट्या काड्या करायला लागतात हे ज्या मुलाने स्वतःच्या हाताने चार-सहा दिवस केलंय ते ४५ लिहिणार नाही. आणि तेव्हा तोंडाने म्हणायला पन्नास दोन हवं, कारण हातात पाच गठ्ठे आणि दोन काड्या असतात. नाव आणि हातातली वस्तू जुळली की झालं, मग चार दिवसांनी याच पन्नास दोनला बावन्न म्हणतात हे सांगायला किती वेळ लागतो?

उलट्या टोकाचेही लोक आहेत, ज्यांना पाठांतर म्हटलं की अंगावर काटा येतो. त्यांच्याशीही माझं पटत नाही. बे एके बे पासून पाढे पाठ हवेतच, सात आठे छपन्न हे विचार न करता यायला हवं, नाहीतर भागाकार करताना मुलाचं सगळं डोकं सात आठे शोधण्यात खर्च होतं आणि आपण काय करत होतो तेच विसरतं. पाठांतर वाईट नाही, कशाचं काहीच माहीत नसताना केलेलं पाठांतर वाईट.

अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं वाकड्यातिकड्या वजनांचे भाव, सुट्टे पैसे, सगळं तोंडी बरोबर करतात, पण तशाच ताकदीचं गणित शाळेसारखं मांडून दिलं की अडखळतात. आणि नुसती शाळेत जाणारी मुलं कागदावरची गणितं करतात, पण बाजारातला हिशेब मांडला की कोलमडतात. आपल्या भाजीमंडईत बसणाऱ्या पोरांकडे बघितलं तरी तोंडी हिशेब म्हणजे काय ते कळतं, शंभरातून त्रेसष्ट गेले तर सात देऊन सत्तर, मग तीस देऊन शंभर. तो संख्या फोडतोय, दहाच्या टप्प्यांवर थांबतोय, म्हणजे दशक-एकक त्याला येतं! शाळेला ते दिसत नाही, कारण शाळा त्याला विचारते 'हातचा घेतलास का'.

म्हणून बदल करायचाच असेल तर तो मी पुस्तकाच्या आधी परीक्षेच्या पेपरात करीन. दुसरीच्या पेपरात '५३ अक्षरात लिहा' हा प्रश्न असतो, असू दे, पण त्याच्या शेजारी आणखी एक हवा: त्रेपन्न रुपयांत दहाच्या जास्तीत जास्त किती नोटा आणि वर सुटे किती? आणि तिसरीला हातचा एक म्हणजे किती ते लिहून मागा, शब्दात. हे दोन प्रश्न पेपरात येणार असं एकदा कळलं की गणित पेटीच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते शाळा आपोआप शोधतील, आणि बाई वर्गात पन्नास तीन म्हणाल्या की त्रेपन्न, हे विचारायला टीव्हीवाले येणार नाहीत.